नेम नेमका कुठे मोडला?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर कानटोप्यांची आणि कोऱ्या बुटांची गर्दी असते. संक्रांत उलटली की जुनी मंडळी तेवढी उरतात. गळालेल्यांना घरी 'आरंभशूर' म्हणवून घ्यावं लागतं. माझ्या मते हा शेरा घाईचा आहे.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्याने नववर्षाचा संकल्प करणाऱ्या २०० जणांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. आठवड्यानंतर ७७ टक्के टिकून होते, दोन वर्षांनी १९ टक्के. पण या टिकलेल्यांपैकीही ५३ टक्के लोकांचा नेम मध्ये निदान एकदा मोडला होता. हा निष्कर्ष १९८८चा.

आता सातपूरला कारखान्यात पाळीत काम करणारा एखादा माणूस घ्या. दिवाळीत गावी जाऊन तो तंबाखूची पुडी फेकून देतो. दोन-तीन दिवस डोकं भणभणतं, मग सुटल्यासारखं वाटतं. सुट्टी संपते. रात्रपाळीला गेटबाहेरच्या टपरीवर नेहमीचा सोबती चुना लावून तंबाखू मळतो, वर दोन थापट्या मारतो आणि चिमूट पुढे करतो. याचा हात आपसूक पुढे जातो. मार्क बाउटन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून याचं उत्तर मिळतं: जुनी सवय पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं चढतं; आणि हे नवं शिकणं जिथे झालं त्या जागेशी बांधलेलं असतं. गावी सुटलेली तंबाखू टपरीवर सुटलेली नसते.

ॲलन मार्लट यांच्या गटाने दारू, सिगारेट, जुगार वगैरे सोडून पुन्हा घसरलेल्यांचे ३११ प्रसंग तपासले. सुमारे तीन चतुर्थांश प्रसंगांत कारण तीनच प्रकारचं होतं: उदासी-चिडचिड, कुणाशी तरी वाजणं किंवा सोबत्यांचा आग्रह. 'एक चिमूट खाल्लीच, आता काय राहिलं' हा विचार पुढचा घात करतो, हेही मार्लट यांनीच दाखवलं.

म्हणून नेम मोडल्यावर वहीत 'कंटाळा आला' एवढीच नोंद कुचकामी. कोणती पाळी होती, कुठे, कोण शेजारी, त्याआधी काय झालं, हे लिहावं. पाळी बदलली त्याच आठवड्यात फिरणं बंद पडलं असेल, तर पाचच्या गजरावर टांगलेला नेम पडणारच होता. तो घड्याळाऐवजी कामाला जोडावा: घरी येऊन डबा घासायला टाकला की बूट चढवायचे. 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधीच ठरवल्याने फरक पडतो, हे पीटर गोलविट्झर यांचं संशोधन सांगतं. (एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसं बिघडत नाही, असं लंडनच्या एका अभ्यासात आढळलंय.)

तंबाखूच्या बाबतीत मात्र नुसत्या वहीवर भिस्त नको. निकोटिनची ओढ शरीरालाही असते; तिच्यासाठी औषधं, निकोटिनचं च्युइंगम आणि समुपदेशन मिळतं. डॉक्टरांकडे जाताना मागच्या खेपेची नोंद सोबत असू द्या: किती दिवस सुटली होती आणि पहिली चिमूट कुठे, कुणाच्या हातची.