आर.एन. गेली, आर.एम. राहिली

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, किंवा बीएस्सी नर्सिंग पास झालेल्या मुलीच्या नावापुढे दोन बिरुदं लागतात: आर.एन. आणि आर.एम. म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका. घराच्या पाटीवर, बायोडेटावर, लग्नाच्या स्थळाच्या कागदावरसुद्धा ही दोन्ही एका दमात लिहिली जातात. मुलगी ब्रिटनला निघाली की मात्र त्यांची फारकत होते. परीक्षा, भाषा, कागदपत्रं असे सोपस्कार पार पाडले की आर.एन.चं तिथलं रजिस्ट्रेशन होतं, आर.एम. बॅगेतच राहते. तिथे मिडवाइफ हा वेगळा पेशा, त्याचं शिक्षण वेगळं आणि नोंदणीही वेगळी. मिडवाइफच्या जागतिक संघटनेचं माप असं, की थेट शिकायचं तर तीन वर्षं आणि नर्सिंगनंतर शिकायचं तर दीड वर्ष. आपल्या नर्सच्या अभ्यासक्रमातलं बाळंतपणाचं शिक्षण त्या मापात बसत नाही.

जगभरच्या वॉर्डांत भारतीय नर्स हजारोंनी दिसते आणि भारतीय मिडवाइफ शोधावी लागते, ती यामुळे. पण मापात न बसणारं शिक्षण आलं कुठून, हे पाहायचं तर आखाताच्या विमानांपेक्षा बरंच मागे जावं लागतं.

नर्सचा पहिला मोठा प्रवास उलट्या दिशेनं झाला. २१ फेब्रुवारी १८८८ रोजी इंग्लंडहून दहा प्रशिक्षित नर्सेस मुंबईत उतरल्या. त्या आल्या होत्या इथल्या इस्पितळांतल्या गोऱ्या शिपायांसाठी. देशी बायकांचं दुखणंखुपणं हा वेगळा विषय होता आणि त्यासाठी तीनच वर्षं आधी, १८८५ साली, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावानं फंड निघाला होता. परपुरुषाला नाडी न दाखवणाऱ्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर, नर्स आणि शिकलेल्या सुइणी तयार करायच्या, ही त्यामागची कल्पना. मुंबईत कामा हॉस्पिटल १८८६ साली उघडलं. एडिथ पेची या इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर, त्यांनी तिथे नर्सेसना शिकवायला सुरुवात केली. नर्सिंगच्या क्रमिक पुस्तकांत १८९१ सालच्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव येतं, मुंबईत प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून. पहिल्या वर्षाची मुलगी परीक्षेपुरतं ते पाठ करते. ही बाई कुठली, कोणाची, नंतर तिचं काय झालं, यावर पुस्तकात एक ओळ नसते.

नर्सिंगकडे मुली यायला तयार नव्हत्या, त्याचं कारण सुइणीपाशी जातं. रक्त, वार, विटाळ या सगळ्याला हात लावायचा म्हणून बाळंतपणाचं काम मांग, न्हावी अशा जातींतल्या बायकांकडे लोटलेलं. ‘सुईण आहे तोवर बाळंत होऊन घ्यावं’ ही म्हण सगळ्या घरांत चालायची, पण त्याच सुइणीचा पाण्याचा तांब्या वेगळा. मग दुसऱ्याचं मलमूत्र काढणारी, रात्रपाळी करणारी, परक्या पुरुषाला स्पर्श करणारी नर्स कोणाच्या घरातून येणार? पहिल्या तुकड्या ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, पारशी आणि बेने इस्रायल घरांतून आल्या, हा काही योगायोग नव्हता. मिरजेला डॉ. वॉन्लेस या मिशनऱ्यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभारलं. नगर, जालना, वेंगुर्ला इथेही मिशनची इस्पितळं होती. जातीनं ज्यांना आधीच बाहेर काढलं होतं त्यांच्या मुलींना या इस्पितळांनी पांढरा गणवेश आणि पगार दिला. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं हिंदू विधवांना आणि परित्यक्तांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा टीका झालीच. सुधारणेच्या इतिहासात शाळा काढणाऱ्या बायकांना जेवढी पानं मिळाली, तेवढी बेडपॅन उचलणाऱ्यांना मिळाली नाहीत, असं मला वाटतं.

सुइणीला शिकवायचे प्रयोगही बरेच झाले. लेडी कर्झन यांच्या पुढाकारानं १९०३ साली त्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा निधी उभा राहिला. वर्ग भरले, पण सुइणी येईनात. वर्गाला बसायचं तर त्या दिवसाचं काम बुडतं. शिवाय शिकवणारी बाई वयानं धाकटी, परक्या भाषेची, आणि ती सांगणार की तुझी आजी करत होती ते सगळं घाणेरडं. हजेरीचे पैसे देऊन बसवावं लागलं, तरी फार कोणी टिकलं नाही. सुईण सुधारण्यापेक्षा तिच्या जागी दुसरी आणणं सोपं, हा विचार तिथून बळावत गेला.

१९४६ साली आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं देशाचा हिशेब मांडला: ४३,००० लोकांमागे एक नर्स, ६०,००० लोकांमागे एक प्रशिक्षित मिडवाइफ. समितीला हवं होतं ५०० लोकांमागे एक नर्स. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली आणि १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा १९३५ सालीच आला होता. कौन्सिलनं अवघ्या देशाला एक अभ्यासक्रम दिला. त्यात नर्सिंग आणि मिडवाइफरी एकाच मुलीत बसवल्या. माणसं कमी, काम अफाट, तेव्हा एकीलाच दोन्ही शिकवा, असा साधा व्यवहार होता. आर.एन.-आर.एम. ही जोडी इथली.

नुकसान नेमकं कसं झालं ते लेबर रूममध्ये उभं राहिलं की कळतं. विद्यार्थिनीला केस बुकमध्ये ठरलेल्या संख्येनं बाळंतपणं भरायची असतात, स्वतः केलेली. पण शिकवणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलात त्याच टेबलाशी इंटर्न उभा असतो आणि निवासी डॉक्टरही. त्यांनाही आपापल्या केसेस भरायच्या असतात. बाळाचं डोकं दिसायला लागलं की सिस्टर मागे सरकते, ट्रे धरते, वेळ लिहून घेते. इन्चार्ज सिस्टरची सही मिळते आणि पान भरतं. आर.एम. होऊनही एकटीनं बाळंतपण करायचा धीर नसलेल्या मुली याच खोलीतून बाहेर पडतात. त्यात त्यांचा दोष किती?

गावात मिडवाइफ उरायला हवी होती ती एएनएम, म्हणजे आपल्याकडची आरोग्यसेविका, गावाच्या भाषेत नर्सबाई. १९५१ पासून हे शिक्षण सुरू झालं, दोन वर्षांचं आणि भर बाळंतपणावर. १९७३ साली कर्तारसिंग समितीनं तिला बहुउद्देशीय सेविका केलं. पुढे शिक्षण दीड वर्षावर आलं आणि कामं मात्र वाढली. माझी आत्या त्या काळात उपकेंद्रावर होती. तिच्या जाड रजिस्टरात रकाने होते: तांबी, टाका, गोळ्या, निरोध. बाळंतपणाचा रकाना शेवटी, अरुंद. मार्च जवळ आला की ती ‘केस’ शोधत वाड्यावस्त्या पालथ्या घालायची, आणि केस म्हणजे बाळंतीण नव्हे. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला तयार झालेली बाई. टार्गेट पुरं झालं नाही तर पगार अडेल ही धास्ती. टार्गेटची पद्धत १९९६ साली कागदोपत्री गेली. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपण दवाखान्यातच व्हावं यावर भर आला. देशात २००५-०६ साली जेमतेम ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ पर्यंत ती ८९ टक्क्यांवर गेली. माता वाचल्या, हे खरं आणि मोठं. पण सुईण संपली होतीच, आता नर्सबाईच्या हातूनही बाळंतपण सुटलं. आत्या म्हणायची, ‘आधी बाळ काढायचो, आता फॉर्म काढतो.’

नर्सिंगची बाजू याच काळात वेगळ्या वाटेनं वाढत होती. केरळच्या ख्रिस्ती घरांत मुली मॅट्रिकपर्यंत शिकत होत्या, शेती तुटपुंजी होती, हुंडा जबर होता. नर्सिंग स्कूलमध्ये राहायला-जेवायला मिळायचं, वर विद्यावेतन. मुंबई, दिल्ली, नागपूर, मिरज. जिथे प्रवेश मिळेल तिथे त्या गेल्या. ‘सिस्टर’ म्हटलं की मल्याळी उच्चाराचं मराठी ऐकू येणं हा मुंबईकराच्या दोन-तीन पिढ्यांचा अनुभव आहे. आपल्याला वाटायचं त्या मुंबईत नोकरीला आल्या. त्यांच्यापैकी अनेकींसाठी मुंबई म्हणजे अनुभवाचा दाखला मिळवायची जागा होती.

परदेशाचं दार मात्र नेहमी पलीकडूनच उघडलं आणि मिटलं. साठच्या दशकात पश्चिम जर्मनीला नर्स हव्या होत्या. कॅथलिक संस्थांमार्फत केरळच्या मुली गेल्या, कित्येक अजून अठराही पूर्ण नव्हत्या. सत्तरच्या दशकात मंदी आली आणि तिथल्या काही राज्यांनी परवाने वाढवून द्यायला नकार दिला. ज्या राहिल्या त्यांच्या नवऱ्यांना सुरुवातीला कामाची परवानगी नसे. बाई कमावते आणि पुरुष घरी पोरं सांभाळतो, असे मल्याळी संसार जर्मनीत उभे राहिले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताला इस्पितळं बांधायची घाई झाली. अमेरिकेनं १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि १९८९ साली खास नर्सेससाठी व्हिसा काढला. ब्रिटननं या शतकाच्या सुरुवातीला भरती वाढवली, तेव्हा एक गमतीदार नियमही केला: आंध्र, मध्य प्रदेश, ओडिशा आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांतून नर्स उचलायची नाही, कारण त्या राज्यांना ब्रिटनची आर्थिक मदत मिळत होती. केरळ आणि महाराष्ट्र मोकळे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली अशा भरतीसाठी आचारसंहिता केली, पण ती ऐच्छिक. २०२२-२३ या एका वर्षात ब्रिटनच्या रजिस्टरवर भारतात शिकलेल्या बारा हजारांहून जास्त जणांची भर पडली.

मागणी दिसली तशी कॉलेजं उगवली, बहुतेक खासगी आणि मोठ्या प्रमाणात दक्षिणेत. पूर्वी विद्यावेतन घेऊन शिकणारी मुलगी आता कर्ज काढून शिकू लागली. तिथून सगळंच फिरलं. खासगी हॉस्पिटलं तुटपुंज्या पगारावर घेत आणि सोडून जाऊ नये म्हणून मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेत, त्यावर बाँड. २०११ साली मुंबईत एका मल्याळी नर्सनं आत्महत्या केली आणि नर्सेस रस्त्यावर उतरल्या. मागण्यांत पगाराच्याही आधी होतं, ‘आमची सर्टिफिकेटं परत द्या’. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ साली नेमलेल्या समितीनं खासगीत किमान २०,००० रुपये पगार सुचवला. अंमल राज्यांवर सोडला, म्हणजे काय झालं असेल ते सांगायला नको.

कर्जाचं वजन किती, ते जुलै २०१४ मध्ये दिसलं. इराकमधल्या लढाईत तिक्रितच्या इस्पितळात ४६ भारतीय नर्सेस अडकल्या होत्या. त्यांना घेऊन येणारं विमान मुंबईत थांबून कोचीला गेलं. सुटका झाल्यावर आनंद होताच, पण काहीजणींनी त्याआधी सांगितलं होतं की थकलेला पगार मिळाल्याशिवाय परतून घरी काय तोंड दाखवणार. पुढच्याच वर्षी कुवेतच्या भरतीचं प्रकरण निघालं. एजंटानं घ्यायची परवानगी होती १९,५०० रुपयांची. मुलींकडून घेतले गेले साडेएकोणीस लाख. केंद्रानं २०१५ साली आखातासह १८ देशांतली नर्सभरती सरकारी संस्थांमार्फतच करायचा नियम केला. केरळकडे अशा संस्था तयार होत्या. आपल्याकडे इतकी वर्षं कोणाला गरजच वाटली नव्हती.

महाराष्ट्रानं हात घातला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार करून. दहा हजार कुशल माणसं पाठवायची, त्यांत नर्सेसही. जर्मन शिकवण्याचा खर्च सरकारचा. एजंटाच्या तावडीपेक्षा हे शंभरपट बरं. पण सरकारी हॉस्पिटलात एकेक अधिपरिचारिका रात्री किती खाटा सांभाळते हे ज्यानं पाहिलंय, त्याच्या मनात एक प्रश्न येतोच.

मिडवाइफची आठवण सरकारला झाली २०१८ साली. नर्सिंग झालेल्यांसाठी दीड वर्षाचं वेगळं प्रशिक्षण ठरलं, जागतिक मापाचं. तेलंगणानं त्याच्या आदल्या वर्षीच सुरुवात केली होती. सिझेरियनचा सुकाळ झालेल्या देशात साधं बाळंतपण डॉक्टरशिवाय नीट करू शकणारी बाई पुन्हा तयार करायची, हा हेतू. २०२३ साली १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा नवा कायदा आला. त्यात प्रसाविका हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून नावानिशी आला आहे. प्रशिक्षणाला मात्र वॉर्डातल्याच नर्सेस निवडून न्याव्या लागतात आणि त्यांच्या जागी दुसरी मिळत नाही, म्हणून मेट्रन त्यांना सोडायला नाखूश असतात. आणखी एक गोष्ट सरकारी कागदांत कुठे दिसत नाही. हे प्रशिक्षण जागतिक मापाचं आहे, आणि ब्रिटनमध्ये मिडवाइफचीही टंचाई आहे.