गरोदरपणातली मेंदूची गाठ : उशिरा होणाऱ्या निदानाची पार्श्वभूमी

सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईला आकडी आली की सांगली-साताऱ्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी रक्तदाब मोजतात, लघवीतली प्रथिनं तपासतात, मॅग्नेशियम सल्फेट देतात आणि गाडी सिव्हिलकडे धाडतात. हे योग्यच आहे. गरोदरपणातल्या आकडीचं नेहमीचं आणि जीवघेणं कारण एक्लॅम्प्सिया, म्हणजे बहुधा विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढून येणारी आकडी, असतं. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट बाकीच्या औषधांपेक्षा सरस आहे, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवलं आणि त्या चाचणीत भारतातली रुग्णालयंही होती. पण काही जणींचा रक्तदाब चांगला असतो, विसावा आठवडाही लागलेला नसतो, आणि तरी आकडी येते. काही जणींना पहाटे डोकेदुखीने जाग येते आणि चौथा-पाचवा महिना उलटला तरी उलट्या थांबत नाहीत. अशा बाईला घरी सांगितलं जातं, "दिवस गेलेत, व्हायचंच." कुठे कांदा हुंगवतात, कुठे बाहेरचं बघायला नेतात.

मेंदूची कर्करोगाची गाठ गरोदरपणात फार क्वचित सापडते. आपल्याकडे अशा लक्षणांमागे मेंदूतल्या शिरांमध्ये झालेली रक्ताची गुठळी, क्षयाची गाठ किंवा फीतकृमीच्या अळीची गाठ जास्त वेळा निघते. मात्र यांतलं काहीही असलं तरी ओळखण्याचा रस्ता एकच, डोक्याचा स्कॅन करणं. आणि तिथेच वेळ जातो. हा वेळ का जातो, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मेंदूची गाठ बाहेरूनच लक्षणांवरून ओळखून ती काढण्याची शस्त्रक्रिया रिकमन गॉडली यांनी लंडनमध्ये नोव्हेंबर १८८४ मध्ये केली. गाठ निघाली, पण पुढे महिनाभरातच रुग्ण जंतुसंसर्गाने दगावला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय उघडलं. रेल्वेच्या जंक्शनमुळे कोकणापासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण तिथे येऊ लागले आणि शस्त्रक्रियेसाठी मिरजेचं नाव झालं. तरी त्या काळात डोक्याच्या आत डोकावायचं साधन एकच होतं : हेल्महोल्ट्झ यांचं १८५१ सालचं, डोळ्याचा पडदा पाहण्याचं उपकरण. मेंदूवरचा दाब वाढला की डोळ्याच्या मागची नस सुजते आणि ती या उपकरणातून दिसते. ही तपासणी आजही तालुक्याच्या गावी होऊ शकते. रक्तदाब वाढलेल्या गरोदर बायकांसाठी ती करतातच. नुसतं डोकं दुखणाऱ्या बाईसाठीही ती करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

क्ष-किरण १८९५ मध्ये आले. पण साध्या क्ष-किरणात मेंदू दिसत नाही, म्हणून वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून फोटो काढले आणि एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये रक्तवाहिन्यांत औषध सोडून. दोन्ही पद्धती त्रासदायक आणि धोक्याच्या. गरोदर बाईवर त्या वापरायला डॉक्टर कचरणं स्वाभाविक होतं. पुढे १९५६ मध्ये ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी दाखवून दिलं की गरोदरपणी ज्यांच्या पोटाचे क्ष-किरण काढले, त्यांच्या मुलांमध्ये कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे. हिरोशिमा-नागासाकीत आईच्या पोटात, विशेषतः आठव्या ते पंधराव्या आठवड्यात, किरणोत्सार झेललेल्या मुलांमध्ये मतिमंदत्व आढळलं. १९६१ मध्ये थॅलिडोमाइडचं, म्हणजे गरोदरपणी घेतल्यावर बाळांना व्यंग आणणाऱ्या औषधाचं, प्रकरण उघडकीला आलं. या सगळ्यातून 'गरोदर बाईला क्ष-किरण नको, औषध नको' हा नियम जगभर पक्का झाला. तो बाळांच्या हिताचाच होता. पण त्यात पोटाचा फोटो आणि डोक्याचा फोटो यांतला फरक पुसला गेला, आणि त्याची किंमत आजही आया मोजत आहेत.

गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ एका बाईच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला, तोही गाठीच्या संशयावरूनच. डोक्याच्या सीटीत पोटातल्या बाळापर्यंत पोहोचणारा डोस साधारण ०.००१ ते ०.०१ मिलिग्रे (शरीरात शोषलेल्या किरणोत्साराचं माप) असतो. नऊ महिन्यांत निसर्गातून बाळाला आपोआप मिळतो तो ०.५ ते १ मिलिग्रे. आणि ५० मिलिग्रेच्या खाली बाळात व्यंग निर्माण झाल्याचं दिसलेलं नाही. हे आकडे प्रत्येक प्रसूती विभागाच्या भिंतीवर असावेत. एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या जन्मनोंदींवर आधारलेल्या २०१६ च्या मोठ्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत एमआरआय झालेल्या मातांच्या बाळांना वाढीव धोका दिसला नाही. चित्र ठळक दिसावं म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलेल्यांच्या बाबतीत मात्र मृतजन्म आणि नवजात मृत्यू जास्त आढळले. त्यामुळे ते औषध अगदीच अडलं तर वापरतात, एरवी साधा एमआरआय करतात.

उपचारांची गोष्ट निदानापेक्षा कठीण आहे, कारण इथे खरोखरच दोन जीवांचा विचार एकत्र करावा लागतो. मेंदूची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १९६१ पासून वापरात आलं आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेतले मृत्यू घटले. १९७२ मध्ये न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि होवी यांनी दाखवलं की अशाच प्रकारचं स्टेरॉइड आईला दिलं तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. आकडीच्या औषधांत व्हॅलप्रोएटमुळे बाळाच्या कण्यात व्यंग येऊ शकतं हे १९८२ पासून माहीत आहे. म्हणून आता लेव्हेटिरासिटामसारखी औषधं निवडतात.

शस्त्रक्रियेला चौथा ते सहावा महिना सर्वांत बरा. आईची प्रकृती ढासळत असेल तर मात्र महिना बघत बसत नाहीत. टेबलावर तिला डाव्या कुशीकडे कलतं ठेवतात, नाहीतर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन रक्तदाब पडतो. दिवस भरत आले असतील तर आधी बाळंतपण, मग डोकं. मेंदूवर दाब असताना जोरात कळा देणं धोक्याचं, आणि पाठीत सुई टोचून भूल देणंही. मणक्यातलं पाणी निसटलं तर मेंदू खाली सरकू शकतो. म्हणून अशा वेळी बहुधा पूर्ण भूल देऊन सिझेरियन करतात.

डोक्याला किरणोपचार द्यावेच लागले तर पोटावर आडोसा करून बाळाचा डोस १०० मिलिग्रेच्या आत ठेवता येतो, असं प्रसिद्ध झालेल्या नोंदींतून दिसतं. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या उग्र कर्करोगासाठी २००५ पासून किरणोपचाराच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध देतात. हे ज्या चाचणीवरून ठरलं, तिच्यात निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेला. एवढ्याशा वाढीसाठी बाळाला किती जोखमीत टाकायचं, हा प्रश्न सोपा नाही. बहुतेक ठिकाणी हे औषध बाळंतपणानंतर सुरू करतात, आणि ते चालू असताना अंगावर पाजू देत नाहीत.

एक कर्करोग या सगळ्यात वेगळा आहे. कोरिओकार्सिनोमा गर्भाच्या वारेतूनच उगवतो, कित्येकदा द्राक्षाच्या घडासारख्या दिसणाऱ्या खोट्या गर्भानंतर, आणि मेंदूपर्यंत पसरतो. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर काही महिन्यांनी आकडी आली तर रक्तातलं एचसीजी हे गरोदरपणाचं संप्रेरक तपासायला हवं ते यासाठी. अमेरिकेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी १९५६ मध्ये हा रोग मेथोट्रेक्सेटने बरा करून दाखवला. निव्वळ औषधाने बरी झालेली कर्करोगाची पहिली घन गाठ हीच. मेंदूत पसरलेली असतानाही अनेक जणी यातून वाचतात. ही तपासणी महाग नाही आणि मोठ्या गावांतल्या प्रयोगशाळांत सहज होते, तरी ती विसरली जाते याचं फार वाईट वाटतं.

राहिला निर्णयाचा भाग. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २० आठवड्यांची मर्यादा होती. २०२१ च्या दुरुस्तीने ठराविक गटांतल्या स्त्रियांसाठी ती २४ आठवडे झाली. बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करावा लागत असेल तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. आपल्याकडच्या वॉर्डांत मात्र कागद आधी नातेवाइकांच्या हातात जातो. मेंदूची सूज वाढत गेली की बाईला गुंगी येते, बोलणं अडखळतं, आणि मग तिला विचारणं शक्य होत नाही. म्हणून संशय आला त्याच दिवशी, ती नीट बोलते आहे तोवर, तिच्याजवळ बसून तिला काय हवं ते विचारावं आणि केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहून ठेवावं.