स्वच्छ शहर आणि पर्यटनाचा कार्बन-हिशेब

राजवाडा आणि सराफा पाहायला इंदुरात येणारे पुण्याकडचे पाहुणे रस्त्यावर कचरा नाही हे पाहून हमखास म्हणतात, की तुमच्याकडे प्रदूषण उरलेच नसेल. ऐकायला बरे वाटते. परंतु कचरा डोळ्यांना दिसतो आणि कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, म्हणून पहिला नाहीसा झाला की दुसराही गेला, असे समजणे चुकीचे आहे. ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी बनवणारा, दररोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प येथे २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्या वायूवर शहरातील बसगाड्या धावू लागल्या, तेवढ्यापुरते हे दोन विषय एकमेकांना मिळतात.

शहराचे कार्बन-धोरण पर्यटनाला कितपत लागू पडते, हे तपासण्याची मोठी संधी चीनमध्ये मिळाली. तेथे २०१० मध्ये पाच प्रांत व आठ शहरांत अल्प-कार्बन प्रयोग, म्हणजे कार्बन उत्सर्जन कमी ठेवून विकास साधण्याचा प्रयोग, सुरू झाला आणि २०१२ व २०१७ मध्ये आणखी शहरे त्यात आली. अभ्यासकांनी मोजायला घेतली ती पर्यटनाची ‘पर्यावरणीय कार्यक्षमता’, म्हणजे किती कमी साधने आणि किती कमी प्रदूषण यांत किती उत्पन्न मिळते ते.

ही मोजण्याची रीत मला फार सुंदर वाटते. समजा, पर्यटनातून एक कोटी रुपये मिळवण्यासाठी ‘अ’ शहराला इंधनाचे २ आणि पाण्याचे ६ भाग लागतात, ‘ब’ शहराला अनुक्रमे ६ आणि २, तर ‘क’ शहराला ५ आणि ५. यांत उत्तम कोण, हे इंधन महत्त्वाचे की पाणी यावर अवलंबून राहील असे वाटते. पण ‘अ’ आणि ‘ब’ यांचे निम्मे-निम्मे मिश्रण कल्पिले, तर तेच उत्पन्न ४ आणि ४ भागांत मिळते. म्हणजे ‘क’ची कार्यक्षमता ४ भागिले ५, अर्थात ०.८, आणि ‘अ’ व ‘ब’ सीमारेषेवर, म्हणजे त्यांना मागे टाकणारे कोणतेही शहर वा मिश्रण नाही अशा जागी, असल्याने त्यांना १ गुण. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत कशाचे मोल किती, हे आधी ठरवावे लागत नाही. कार्बन मात्र नको असलेले उत्पादन असल्याने ते उत्पन्नासारखे वाढवून चालत नाही. शिवाय सर्व घटक एकाच प्रमाणात आक्रसण्याऐवजी प्रत्येकातील जादा भाग वेगळा मोजण्याची सोय काओरू टोने यांनी २००१ मध्ये सुचवली. मात्र हे गुण सापेक्ष आहेत. सारा वर्ग कच्चा असला तरी कोणी तरी पहिला येतोच. ‘हरित’ पाटी लावून टॉवेल रोज धुऊ नका असे सांगणाऱ्या हॉटेलांनी हे विसरू नये.

धोरणाचा परिणाम काढताना प्रयोगातील शहरांत झालेल्या बदलातून इतर शहरांतील बदल वजा करतात. दोन्ही गट आधी सारख्याच गतीने चालले असतील, तरच ही वजाबाकी ग्राह्य धरावी. पहिल्या आठ शहरांपैकी शेनझेनने २०१७ अखेर सुमारे १६,००० बसगाड्या विजेवर आणल्या. अशा गाडीतून फिरणारा पर्यटक पूर्वीइतकाच खर्च करतो आणि शहरातला धूर घटतो, म्हणून गुण वाढतो. परंतु पर्यटक दुप्पट झाले, तर गुण वाढूनही एकूण उत्सर्जन वाढू शकते.

शिवाय शहराची हद्द हीच हिशेबाची हद्द मानली, तर उत्सर्जनाचा मोठा भाग बाहेर राहतो. महाकालाच्या दर्शनासाठी विमानाने येणारा यात्रेकरू इंदुरात उतरतो. त्याच्या खोलीचे भाडे इंदुरात जमा होते, टॅक्सीचे डिझेल मुख्यतः उज्जैनच्या रस्त्यावर जळते आणि विमानाचे इंधन या दोन्ही शहरांच्या वहीत सहसा चढतच नाही.