नळी बंद होण्याआधी

सोनोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल आला की घरातली माणसं निर्धास्त होतात. पिशवी चांगली आहे, आज ना उद्या दिवस राहतील. पण साध्या सोनोग्राफीत गर्भनलिका दिसत नाहीत. पाणी साचून फुगलेली नळी तेवढी पडद्यावर उमटते. आतून चिकटलेली, व्रण पडलेली नळी सुटून जाते. मग ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालण्यात, कौल लावण्यात, नवस बोलण्यात दोन-तीन वर्षं निघून जातात, आणि त्यानंतर कुठे मुंबईला किंवा कोल्हापूरला नळ्यांची तपासणी होते. तेव्हा नळी बंद निघाली, तर ती काल-परवा बंद झालेली नसते. पुष्कळदा त्याचं मूळ काही वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या, लक्षातही न आलेल्या जंतुसंसर्गात असतं. वंध्यत्वाच्या अनेक कारणांपैकी हे कारण वेळेत टाळता येतं. म्हणूनच त्याच्याकडे होणारं दुर्लक्ष फार बोचतं.

नळी साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. पिशवीला मिळते तिथे तिची पोकळी जेमतेम एक मिलिमीटरची, उदबत्तीच्या काडीहूनही बारीक. आतल्या अस्तरावर सूक्ष्म केसांची दाटी असते. वाऱ्याने भाताचं शेत एका अंगाला लवावं तसे हे केस पिशवीच्या दिशेने लवत राहतात आणि स्त्रीबीज पुढे सरकत जातं. फलनही नळीतच होतं, आणि त्यानंतरचे तीन-चार दिवस गर्भ नळीतच वाढत वाढत पिशवीकडे येतो. त्यामुळे नळी नुसती मोकळी असून भागत नाही, हे केसही शाबूत असावे लागतात.

त्यांची नासाडी करणारे मुख्य जंतू दोन. जुनी माणसं ज्याला परमा म्हणत त्या गोनोरियाचा एक, आणि ज्याला बोलीत नावच नाही त्या क्लॅमिडियाचा दुसरा. दोन्ही शरीरसंबंधातून येतात आणि आधी गर्भाशयाच्या मुखाशी बसतात. उपचार झाले नाहीत तर काही जणींमध्ये तिथून वर चढून पिशवीत आणि नळ्यांमध्ये शिरतात. क्लॅमिडियाचा जंतू तर अस्तराच्या पेशीत घुसून आतच वाढतो. त्याला मारण्यासाठी शरीर जी दाहाची लढाई छेडतं, तिच्यातच केस झडतात, अस्तराच्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि बऱ्या होणाऱ्या जखमेवर व्रण धरतो. जंतू औषधाने मरतो, व्रण मात्र तसाच राहतो.

स्वीडनमधल्या लुंड शहरात १९६० ते १९८४ या काळात ओटीपोटाची सूज, म्हणजे असा संसर्ग वर चढून पिशवीला आणि नळ्यांना येणारी सूज, पोटात दुर्बीण घालून पडताळून पाहिलेल्या स्त्रियांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. एकदा सूज येऊन गेलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के स्त्रियांना नळ्यांमुळे वंध्यत्व आलं. दोनदा सूज आलेल्यांत ते प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ गेलं आणि तीन किंवा अधिक वेळा आलेल्यांत ४० टक्क्यांवर. प्रत्येक खेपेला धोका साधारण दुप्पट. पहिला संसर्ग वेळेत बरा करणं गरजेचं आहेच, पण तोच संसर्ग पुन्हा होऊ न देणं तितकंच गरजेचं आहे, हे या आकड्यांवरून समजतं.

अडचण अशी की क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच त्रास होत नाही. पुरुषांतही निम्म्याहून अधिक जणांना तो जाणवत नाही. उलट अंगावरून पांढरं जाण्याच्या, म्हणजे धुपणीच्या तक्रारीमागे बहुधा बुरशी किंवा योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा बिघडलेला तोल असतो, आणि पाळीच्या मध्यावरचा पारदर्शक, तार धरणारा स्राव तर निरोगीच असतो. पांढरं जातं म्हणून संशय घेणं जितकं चुकीचं, तितकंच काही होत नाही म्हणून निश्चिंत राहणं चुकीचं. संसर्ग तपासणीतूनच कळतो. अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे धोका जास्त असलेल्या तरुणींना आपणहून बोलावून क्लॅमिडियाची तपासणी आणि उपचार केले गेले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार वर्षभरात त्यांच्यात ओटीपोटाच्या सुजेचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं.

तपासणी म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, कोविडच्या आरटीपीसीआरच्या जातीची. ती प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात होत नाही, पण खासगी लॅब नमुना घेऊन मोठ्या शहरात पाठवतात. पुरुषाचा नमुना लघवीचा, आणि नेमकी इथेच चूक होते. लघवीच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या नेहमीच्या तपासणीसाठी, मधल्या धारेची लघवी घ्यायची सवय सगळ्यांना झालेली असते. या चाचणीला अगदी पहिल्या धारेची लागते, २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी. त्याआधी किमान तासभर लघवी केलेली नसावी. मधली धार दिली किंवा डबी काठोकाठ भरली, तर जंतू पातळ होतात आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येतो. स्त्रीसाठी लघवीपेक्षा योनीतला स्वॅब सरस. तो स्वतःलाही घेता येतो: कापसाची काडी सुमारे ५ सेंटिमीटर आत घालून १० ते ३० सेकंद फिरवायची आणि लॅबने दिलेल्याच नळीत मोडून झाकण लावायचं. संबंधानंतर दोनच दिवसांत केलेली चाचणी फसवू शकते. दोन आठवडे जाऊ द्यावेत.

क्लॅमिडियाची रक्तातली अँटिबॉडी चाचणी आत्ताचा संसर्ग ओळखायला उपयोगी नाही. ती जुन्या संसर्गाची खूण दाखवते. मूल राहत नाही म्हणून सरसकट लिहून दिल्या जाणाऱ्या टॉर्च चाचणीचाही, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही वेगळ्याच संसर्गांच्या रक्ततपासणीचाही, इथे उपयोग नाही. तो खर्च वाचवून जनुकीय चाचणी करावी, आणि तिच्याबरोबर सिफिलिस, म्हणजे गरमी, आणि एचआयव्हीची रक्ततपासणीही.

क्लॅमिडियावर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. गरोदरपणात ते चालत नाही. तेव्हा ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच देतात. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यावं आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला चटका बसतो. आशाताईंनी दिलेली लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तर औषध अंगी लागत नाही. दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर हवं. या गोळ्यांनी उन्हात कातडी लवकर भाजते, तेव्हा बोटीवर काम करणाऱ्यांनी अंगभर कपडा ठेवावा. गोनोरियाला हे पुरत नाही. त्याला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन किंवा डॉक्टर ठरवतील ते औषध लागतं. ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं अशी लक्षणं असतील तर उपचार १४ दिवसांचे. औषध सुरू व्हायला तीन दिवसांहून अधिक उशीर झाला की नळ्यांचं नुकसान वाढतं. मेडिकलमध्ये अंगावरून जाण्यावरचं चार गोळ्यांचं एक पाकीट मागितलं की मिळतं. ते एका दमात घेऊन मोकळं होणाऱ्यांना ना गोनोरियाचं पुरेसं औषध मिळतं, ना सुजेसाठी लागणारे चौदा दिवस, आणि जोडीदार तसाच राहतो.

कोकणात हा जोडीदारच सर्वांत मोठा पेच आहे. नवरा मुंबईत, बायको गावी. खलाशी पंधरवडा समुद्रावर. नेपाळमधून आलेला आंब्याच्या बागेचा राखणदार महिनोन्‌महिने घरापासून दूर. एकाने मुंबईत औषध घेतलं आणि दुसऱ्याला कळलंच नाही, तर गणपतीला घरी आल्यावर संसर्ग पुन्हा त्याच्याकडे येतो आणि लुंडच्या त्या आकड्यांतली दुसरी खेप सुरू होते. नियम असा: गेल्या ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सर्वांवर उपचार. ६० दिवसांत कोणाशीच आला नसेल तर शेवटच्या जोडीदारावर. चाकरमान्यांच्या बाबतीत हा दुसरा भागच लागू पडतो आणि तोच विसरला जातो. दोघांनी आपापल्या ठिकाणी, पण एकाच वेळी औषध घ्यावं. एका डोसाचं औषध असेल तर त्यानंतर सात दिवस, सात दिवसांचं असेल तर ते संपेपर्यंत संबंध टाळावा. गावी पोहोचल्यावर औषध सुरू केलं तर अख्खी रजा पथ्यात जाते आणि पथ्य मोडतं. म्हणून निघण्याच्या आठ दिवस आधीच दोघांनी सुरू करावं.

बरे झाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी हवी. चार आठवड्यांच्या आत करू नये, कारण मेलेल्या जंतूंचे अंश चाचणीत उमटतात. गरोदर स्त्रीची मात्र चार आठवड्यांनी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करतात. मच्छीमारांना हे वेळापत्रक जुळवता येतं: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, खलाशी घरी असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघांची तपासणी आणि उपचार, सप्टेंबरमध्ये फेरतपासणी.

संसर्ग कोणाकडून कोणाला गेला, हे कोणतीही चाचणी सांगत नाही. क्लॅमिडिया महिनोन्‌महिने मुका राहतो. म्हणून रिपोर्ट हातात घेऊन दोषी शोधायला बसू नये, आणि सुनेला तर मुळीच धरू नये.

जिल्हा रुग्णालयात, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसला, लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे समुपदेशन आणि औषधं मोफत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची औषधांची किट रंगावरून ओळखतात: लघवीच्या जागेतून किंवा गर्भाशयमुखातून येणाऱ्या स्रावासाठी करडं, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळं. किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक आहे. गावातल्या ओळखीच्या माणसांसमोर जायला संकोच वाटत असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर आधी विचारून घ्यावं.

नळ्या बिघडायची बाकीची कारणंही लक्षात हवीत. मेडिकलमधून गोळ्या आणून गुपचूप केलेला गर्भपात अर्धवट राहिला तर पिशवीत संसर्ग होतो. गर्भपात १९७१ च्या कायद्याने वैध आहे आणि सरकारी रुग्णालयात सुरक्षित होतो. तांबी बसवण्याआधी संसर्गाची शंका असेल तर तपासून घ्यावं. धोका मुख्यतः ती बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांचा. आणि आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग कधीही विसरू नये. तो शरीरसंबंधातून येत नाही, बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे नळ्यांत उतरतो आणि खोकल्याशिवायही असू शकतो.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा स्त्रीचं वय ३५ च्या पुढे असून सहा महिने झाले, तर पहिली तपासणी पुरुषाच्या वीर्याची करावी: दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर. ती स्वस्त आहे, दुखत नाही, आणि याच जंतूंनी पुरुषाच्या वीर्यवाहक नळ्याही बुजतात. त्यानंतर स्त्रीच्या नळ्यांचा रंगद्रव्य सोडून एक्स-रे, पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसादरम्यान. अंगात संसर्ग असताना तो केला तर जंतू वर ढकलले जातात, म्हणून आधी स्वॅब. दोन्ही नळ्या बंद निघाल्या तर टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग उरतो. २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेल्या जगातल्या पहिल्या अशा बाळाच्या आईच्याही नळ्याच बंद होत्या. मात्र नळी पाणी साचून फुगलेली असेल तर ते पाणी पिशवीत झिरपून गर्भ टिकू देत नाही, म्हणून ती आधी काढतात किंवा बांधतात.

अर्धवट बिघडलेल्या नळीचा धोका निराळाच. शुक्राणू पार होतात, पण फलित बीज पुढे सरकत नाही आणि गर्भ नळीतच रुजतो. पाळी चुकलेली, एका कुशीत कळ, थोडा रक्तस्राव, घेरी किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणं, ही नळी फुटत असल्याची लक्षणं. दुर्गम वाडीतून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचायला दीड-दोन तास सहज लागतात. वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि पोटात दुखतंय एवढंच न सांगता पाळी किती दिवस चुकली आहे तेही सांगावं, म्हणजे रुग्णालय रक्त आणि भूलतज्ज्ञ तयार ठेवेल.