बंद खोली आणि बंद वर्तुळ: शेजारी साक्षीदार असतात तेव्हा आणि शेजारीच संशयित असतात तेव्हा

रहस्यकथा वाचणाऱ्यांच्या गप्पांत एक घोळ मला कायम दिसतो. कुणीतरी म्हणतं, मला लॉक्ड रूम मिस्ट्री फार आवडते, आणि उदाहरण काय देतं तर बेटावर अडकलेल्या दहा माणसांचं. आता ती अगाथा ख्रिस्तीची १९३९ सालची कादंबरी जबरदस्त आहे, त्यात वादच नाही, पण ती लॉक्ड रूम नाहीये, ती क्लोज्ड सर्कल आहे. तिथे बेट बंद आहे, खोली नाही.

घोळ होतो तो "बंद" या शब्दामुळे. एकात दार बंद असतं आणि दुसऱ्यात माणसांची यादी बंद असते. दार आतून बंद आणि आत फक्त प्रेत, की प्रश्न पडतो खुनी बाहेर गेला कसा. यादी बंद असली, म्हणजे खून केलाय तो ह्या सात-आठ जणांपैकीच कुणीतरी हे पक्कं असलं, की प्रश्न पडतो ह्यांच्यातला कोण. कसा आणि कोण, एवढंच लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं, पण मला खरी गंमत वाटते ती शेजाऱ्यांची. खुनाच्या गोष्टीत शेजारी असतातच, आरडाओरडा ऐकून धावत येणारे, खिडकीतून बघणारे, पोलिसांना सगळं सांगणारे, आणि त्या शेजाऱ्याच्या शब्दाचं तुम्ही काय करायचं ते दोन्ही प्रकारांत अगदी उलट असतं.

आधी बंद खोली घेऊ. एडगर अ‍ॅलन पो यांची रू मॉर्गमधल्या खुनांची कथा, १८४१ सालची, आधुनिक रहस्यकथा इथूनच सुरू झाली असं साधारण मानलं जातं. (पुढे ह्या कथेचं उत्तर सांगणारे, वाचली नसेल तर आधी वाचून या, छोटीच आहे.) पॅरिसमधलं एक घर, तिथे राहतात आई आणि तिची मुलगी, पहाटे तीनच्या सुमाराला चौथ्या मजल्यावरून किंकाळ्या येतात, आठ-दहा शेजारी आणि दोन पोलीस शिपाई मिळून खालचं दार फोडतात आणि जिन्याने वर पळतात, पळताना वरून दोन आवाज ऐकू येतात, एक जाडाभरडा आणि एक चिरका. वर पोचतात तर खोलीचं दार आतून बंद, किल्लीही आतच. मुलीचं प्रेत धुराड्यात खालून वर कोंबलेलं, आई मागच्या अंगणात पडलेली, खिडक्या बंद, त्यांना खिळे ठोकलेले, आणि जिन्यावर तर ही सगळी मंडळी, म्हणजे तिथूनही कुणी निसटलेलं नाही.

आता वर्तमानपत्रात छापून आलेल्या शेजाऱ्यांच्या जबान्या बघा, ह्या कथेतला माझा सगळ्यात आवडता भाग. जाडाभरडा आवाज फ्रेंच माणसाचा होता यावर सगळ्यांचं एकमत. पण चिरका आवाज? फ्रेंच चांदीकाम करणारा शेजारी म्हणतो इटालियन होता. इंग्रज शिंपी म्हणतो जर्मन. डच माणूस म्हणतो फ्रेंच, स्पॅनिश माणूस म्हणतो इंग्रजी, इटालियन म्हणतो रशियन. आणि प्रत्येकजण वर हेही सांगतो की ती भाषा आपल्याला येत नाही! वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाटतं काय गोंधळ आहे हा, पण पो यांचा डिटेक्टिव्ह द्युपँ म्हणतो सगळे खरं बोलतायत. प्रत्येकाला तो आवाज परका वाटला, कारण ती मुळात कुठली भाषाच नव्हती. तो माणूसच नव्हता, ते ओरांगउटान होतं.

मग द्युपँ खोलीकडे वळतो. शेजारी खरे आहेत, जिना अडलेला होता, दार बंद होतं, म्हणजे खिडकीच खोटं बोलत असली पाहिजे. तो खिळ्याला हात लावतो तर डोकं आणि त्याखालचा इवलासा तुकडा हातात येतो, बाकीचा खिळा भोकातच. आतून कधीचाच तुटलेला, पण डोकं परत जागेवर ठेवलं की अख्खा दिसतो, आणि खिडकीला स्प्रिंग असल्यामुळे ती खाली पडली की आपोआप लागते. अख्ख्या रहस्याची किल्ली म्हणजे तो एक तुटका खिळा.

बंद खोलीच्या गोष्टीत साधारण हे असं असतं, साक्षीवर विश्वास ठेवायचा आणि खोलीवर संशय घ्यायचा. आणि संशयितांची यादी? रू मॉर्गमध्ये ती जवळपास नाहीच. चार हजार फ्रँकचं सोनं घरी पोचवणाऱ्या बँकेच्या कारकुनाला पोलीस पकडतात, पण वाचणाऱ्यालाही तो खुनी वाटत नाही. खुनी यादीच्या पूर्ण बाहेरचा आहे. म्हणजे खोली पक्की बंद पण वर्तुळ सताड उघडं, त्यामुळे ह्या दोन गोष्टी एकच आहेत असं कुणी म्हणालं की मी रू मॉर्गकडेच बोट दाखवते.

आता उलटं. ख्रिस्तीची १९३० सालची पाद्र्याच्या घरातल्या खुनाची कादंबरी, मिस मार्पल या तिच्या म्हाताऱ्या, हौशी डिटेक्टिव्हची ही पहिली कादंबरी. सेंट मेरी मीड नावाचं छोटं गाव, पाद्र्याच्या अभ्यासिकेत त्याच्याच लिहायच्या टेबलापाशी कर्नल प्रोदरो गोळी लागून मेलेला. खोलीला बागेकडे उघडणारं काचेचं दार आहे, कुणीही यावं कुणीही जावं. कसा हा प्रश्न इथे फारसा नाहीच, पिस्तूल आहे, गोळी आहे. पण कर्नल कुणालाच आवडत नव्हता, आणि मिस मार्पल शांतपणे सांगते की त्याच्या मरण्याने खूश होतील अशी निदान सात माणसं तिला आठवतात.

इथे शेजारी काय करतात? बघतात. मिस मार्पलची बाग पाद्र्याच्या घराला लागून, ती तिथे झाडांपाशी काहीतरी करत असते आणि कोण कधी गेलं, कोणत्या दिशेला गेलं, बाईच्या हातात पर्स होती की नव्हती, हे सगळं तिच्या डोक्यात नोंदलं जातं. पण रू मॉर्गसारखं इथे प्रत्येकाचं म्हणणं खरं धरून चालत नाही, कारण सांगणाराच खुनी असू शकतो, किंवा खुनी नसला तरी दुसरंच काहीतरी लपवत असतो. आणि समजा खरंच सांगतोय, तरी जे दिसलं ते मुद्दाम दाखवण्यासाठीच केलेलं असू शकतं. इथे खोलीवर विश्वास आणि साक्षीवर संशय.

ह्यात घड्याळाची एक गोष्ट आहे ती बघाच. पाद्र्याच्या अभ्यासिकेतलं घड्याळ मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे ठेवलेलं असतं, आणि खुनाची वेळ ठरवताना नेमकं तेच घड्याळ पुराव्यात येतं. पाद्री बिचारा इन्स्पेक्टरला सांगायला जातो, तर इन्स्पेक्टर इतका घाईत की त्याला बोलूच देत नाही. हा पुरावा यंत्राचा वाटतो पण तो माणसांचा आहे, घड्याळ पुढे आहे हे कोणाला माहीत होतं आणि कोणाला नव्हतं हा खरा प्रश्न. क्लोज्ड सर्कलमधले चांगले धागेदोरे असेच असतात, कोण काय जाणून होतं याभोवती फिरणारे. तुटका खिळा कोणाला काही माहीत असण्यावर अवलंबून नाही, तो फक्त तुटलेला आहे.

ह्या प्रकाराचं सगळ्यात शुद्ध रूप हवं असेल तर ख्रिस्तीचीच १९३६ सालची ब्रिजच्या डावाची कादंबरी. चार जण पत्ते खेळतायत, यजमान त्याच खोलीत शेकोटीजवळ खुर्चीत, कुणीतरी डमी असताना, म्हणजे आपले पत्ते टेबलावर उघडे मांडून जोडीदाराला खेळू देत असताना, उठून त्याला भोसकतं आणि परत येऊन बसतं. कसं झालं ते लगेच कळतं. संशयित फक्त चार. मग ख्रिस्तीचा डिटेक्टिव्ह प्वारो काय मागतो, तर ब्रिजच्या गुणांचे कागद, कारण माणूस पत्ते कसे खेळतो त्यावरून तो खून कसा करेल ते कळतं असं त्याचं म्हणणं. मला वाटतं एवढं धाडस फार कमी लेखकांनी केलंय, दाराखिडक्यांचा आधारच काढून घ्यायचा.

रोनाल्ड नॉक्स नावाचे एक कॅथलिक पाद्री रहस्यकथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये दहा नियम मांडले, त्यातले दोन इथे बरोबर बसतात. एक, गुपित खोली किंवा गुप्त वाट एकापेक्षा जास्त चालणार नाही. दोन, गुन्हेगाराचा उल्लेख गोष्टीच्या सुरुवातीलाच आलेला पाहिजे. पहिला नियम खोलीशी प्रामाणिक राहण्याचा, दुसरा वर्तुळाशी. दुसऱ्या नियमात रू मॉर्ग सरळ नापास होते, पण नियम यायच्या ८८ वर्षं आधीची ती कथा, तिला कशाला बोल लावायचा. बंद खोलीत पुढे कुठवर जाता येतं ते बघायचं असेल तर जॉन डिक्सन कार यांची १९३५ ची कादंबरी आहे, तिच्या सतराव्या प्रकरणात तिच्यातले डिटेक्टिव्ह डॉ. फेल गोष्ट थांबवून बंद खोलीतल्या खुनाच्या पद्धतींवर अख्खं लेक्चर देतात, आणि आपण एका रहस्यकथेत आहोत हेही सरळ कबूल करतात.

आणि दोन्ही एकत्र आले तर? येतात की. इस्रायल झँगविल यांची लंडनच्या बो भागातली गोष्ट, १८९१ साली वर्तमानपत्रातून क्रमशः आली. घरमालकीण भाडेकरूला उठवायला जाते, दार आतून बंद, हाका मारून उत्तर नाही, घाबरून ती समोर राहणाऱ्या निवृत्त डिटेक्टिव्हला बोलावून आणते, तो दार फोडतो, आत भाडेकरूचा गळा चिरलेला आणि हत्यार कुठेच नाही. उत्तर मी सांगणार नाही. पण ही वाचताना वर सांगितलेली दोन्ही वाचनं एकाच वेळी करावी लागतात, कडीकडेही बघायचं आणि कडीबद्दल सांगणाऱ्याकडेही. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा नुसती कडी धरून बसले होते, चिमणीतून कुणी येईल का, खिडकीची फट केवढी, सगळं झालं, शेवटाला पोचले आणि मग पुस्तक परत पहिल्या पानावर उघडून त्या सकाळी कोण कुठे उभं होतं ते ओळीने वाचत गेले.