मन खंबीर असेल तर आजार आपोआप बरा होतो का?

‘मनात पक्कं ठरवा, औषधाशिवाय कोणताही आजार बरा होतो’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यावर विश्वास बसणं स्वाभाविक आहे, कारण त्यातला काही भाग खरा आहे. प्रार्थना, ध्यान, कुणाचा तरी आश्वासक हात यांनी वेदना, मळमळ, भीती खरोखर कमी जाणवते.

पण बरं वाटणं आणि बरं होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दम्याच्या एका अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. खरं औषध आणि औषध नसलेला फवारा, दोन्हींनंतर रुग्णांना जवळजवळ सारखाच आराम वाटला. फुप्फुसांची क्षमता मोजली, तेव्हा ती औषधाने सुमारे २० टक्के वाढली होती. नुसत्या फवाऱ्याने फक्त सुमारे ७ टक्के, म्हणजे काहीच उपचार न केल्यावर वाढली जवळजवळ तेवढीच.

म्हणून असा दावा ऐकला की आधी विचारा: निदान तपासणीने झालं होतं का? सोबत औषधं चालू होती का? आजार आपोआप ओसरणारा होता का? मधुमेहात तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी आधी आणि नंतर करून पाहता येते.

ध्यान जरूर करा, मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका. आणि आजार बळावलेल्या माणसाला ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असं कृपा करून म्हणू नका.