परदेशातल्या कमकुवत सिग्नलसाठी सॅटेलाइट रिसीव्हर

सॅटेलाइट रिसीव्हर म्हणजे मुंबईत ज्याला आपण सरळ डबा किंवा सेट टॉप बॉक्स म्हणतो तोच, छत्रीवरून केबलने आलेला सिग्नल उलगडून टीव्हीला चित्र देणारा. इथे गच्चीवर नाहीतर खिडकीच्या ग्रिलला ६० सेंटिमीटरची छत्री लावली की झालं, डबा कुठला आहे हे कोणी विचारत नाही. प्रश्न येतो मस्कत-दुबईला नोकरीला निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडवर जाऊन "तिकडे चालेल असा डबा द्या" म्हणतो तेव्हा (लॅमिंग्टन रोड म्हणजे मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार). दुकानदार देतोच, नाही कशाला म्हणेल.

तिकडे सिग्नल कमी का पडतो, तर टीव्हीचे हे सॅटेलाइट विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असले तरी त्यांचा बीम ठराविक प्रदेशावर रोखलेला असतो आणि कडेला गेलं की झोत विरळ होत जातो. डीडी फ्री डिश (ज्यावर सह्याद्री दिसतं) येतं जीसॅट-१५ या भारतीय सॅटेलाइटवरून, ९३.५ अंश पूर्वेला, केयू बँडमध्ये (म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीच्या, लहान छत्रीवर पकडता येणाऱ्या लहरींत), आणि तो बीम भारतासाठी आहे. मुंबईतून हा सॅटेलाइट आग्नेयेला साधारण ५७ अंश उंचीवर दिसतो, मस्कतहून ४२, आणि इस्रायलमधून, जिथे आपली बेने इस्रायल (कोकणातली मराठी ज्यू) मंडळी गेली, जेमतेम १८ अंश, म्हणजे समोर एखादी चार मजली बिल्डिंग आली तरी संपलं. मॉरिशसच्या मराठी माणसाला छत्री ईशान्येकडे, जराशी पूर्वेला झुकवून वळवावी लागेल कारण तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहतो. लंडनहून तर हा सॅटेलाइट क्षितिजाच्याच खाली, तिथे सोन्याचा डबा लावला तरी उपयोग नाही.

म्हणून डब्याचा नंबर शेवटी. आधी छत्री: व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट आणि सिग्नल ६ डेसिबलने (म्हणजे तोही चौपट) वाढतो. मग एलएनबी, म्हणजे छत्रीच्या दांड्यावर बसवलेला सिग्नल पकडणारा भाग, कारण पहिलं अॅम्प्लिफिकेशन तिथे होतं आणि तिथे जो आवाज, म्हणजे नॉइज, मिसळला तो पुढे कुठलाही डबा काढू शकत नाही. डब्यातल्या चांगल्या आणि साध्या ट्यूनरमधला (चॅनल पकडणाऱ्या भागातला) फरक त्यामानाने लहान असतो, पण डिजिटलमध्ये चित्र एकतर स्वच्छ नाहीतर चौकोन चौकोन होऊन फुटतं, त्यामुळे काठावर असलेल्या माणसाला तो लहान फरकच पुरतो.

डबा डीव्हीबी-एस२ चा पाहिजे, हे सॅटेलाइट टीव्ही पाठवण्याचं स्टँडर्ड २००५ चं, नुसत्या जुन्या डीव्हीबी-एसच्या डब्याला नवे बरेच चॅनल कळतच नाहीत. गंमत अशी की एकाच छत्रीवर एक चॅनल मस्त चालतो आणि शेजारचा उघडत नाही, लोक डब्याला शिव्या घालतात. कारण पाठवण्याची पद्धत वेगळी असते: क्यूपीएसके १/२ या सोशिक पद्धतीला सिग्नल नॉइजपेक्षा साधारण १ डेसिबल वर असला तरी पुरतो, जास्त माहिती कोंबणाऱ्या एटपीएसके ३/४ ला जवळपास ८ लागतात. डब्याच्या मेनूत 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी' असे दोन पट्टे असतात, त्यातला स्ट्रेंग्थचा पट्टा विसरा, छत्री मोकळ्या आभाळाकडे केली तरी एलएनबीच्या स्वतःच्या नॉइजवर तो भरून दिसू शकतो. क्वालिटी आकड्यात, शक्यतो डेसिबलमध्ये आणि पटापट बदलणारी दाखवणारा डबा घ्यावा, कारण परक्या गावात गच्चीवर उभं राहून मिलिमीटर मिलिमीटरने छत्री हलवताना तेवढाच आधार असतो. ब्लाइंड स्कॅन असलेलं बरं, फ्रिक्वेन्सीची यादी जुनी झाली तरी डबा स्वतः शोधतो. डायसेक (एलएनबी बदलणाऱ्या स्विचला डब्यातून हुकूम देण्याची सोय) असेल तर एका डब्याला दोन-चार एलएनबी जोडता येतात. बाकी दहा हजार चॅनल मेमरी, यूट्यूब वगैरे खोक्यावर लिहिलेलं असतं त्याचा सिग्नलशी काही संबंध नाही.

आखातात सी बँड (केयूपेक्षा कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी) हाही मार्ग आहे. जीसॅट-३० (२०२० साली सोडलेला, ८३ अंश पूर्व) त्याचं सी बँड कव्हरेज आखाती देशांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आहे, पण छत्री मोठी लागते, भाड्याच्या खोलीत मालक लावू देईल तर. आणि फाइव्ह-जीच्या लहरी सी बँडला अगदी खेटून असतात, टॉवर जवळ असेल तर एलएनबी गुदमरतो, मग फिल्टर लावावा लागतो, डबा बदलून काही होत नाही. इथल्या पेड डीटीएचचं कार्ड तिकडे नेणं कंपनीच्या करारात बसत नाही, म्हणून हे सगळं फ्री चॅनलपुरतंच समजा.

घेण्याआधी ट्रायल मुंबईतच घ्यावी, तीही जुलैत, मुसळधार पाऊस असताना, कारण केयू बँड पावसात आपोआप कमकुवत होतो. एकाच छत्रीवर दोन डबे आळीपाळीने लावून बघायचे. उन्हाळ्यात निघायचं असेल तर एलएनबीच्या तोंडावर ओल्या फडक्याची घडी धरायची, ज्याचं चित्र उशिरा फुटतं तो डबा बॅगेत.